डाळिंबाला गाडी मिळाली, आता माणसांचं बघा

दिवाळीत ताईचा धाकटा आटपाडीला आला होता. वय वर्षं सहा. पुण्याच्या शाळेत त्याला कुणीतरी गदिमांचं आगीनगाडीचं गाणं शिकवलंय. दोन दिवस ते गाणं म्हणून त्यानं घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी चहा पिताना मला विचारतो, "मामा, तुझ्या गावाला आम्ही गाडीने का नाही आलो?"

म्हटलं, "आलात की बाबांच्या गाडीने."

"ती नाही रे. झुकझुकवाली!"

"ती नाही येत आपल्याकडे."

"मग गाण्यात कशी येते?"

आता सहा वर्षांच्या पोराला काय सांगणार? गदिमांचा जन्म आमच्याच तालुक्यातल्या शेटफळ्याचा. गाव माडगूळ, तेही याच तालुक्यात. अख्ख्या महाराष्ट्राच्या पोरांना मामाच्या गावाची आगीनगाडी देणारा कवी ज्या तालुक्याचा, त्या तालुक्यात आजतागायत रेल्वेचा एक रूळ पडलेला नाही. गदिमा १९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, धाकटे बंधू व्यंकटेश १९८३ ला अंबाजोगाईला आणि आमच्या आटपाडीचेच शंकरराव खरात १९८४ ला जळगावला. एका दुष्काळी तालुक्यातून तीन संमेलनाध्यक्ष! आणि रेल्वे स्टेशन मात्र शून्य.

हसू नका. मीही आधी हसलोच होतो. पण पोराचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसलो. जरा कडू लिहिणार आहे. नातेवाईक मंडळींनी मनावर घेतलं तर हरकत नाही, किंबहुना घ्याच.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल. आटपाडी सांगली जिल्ह्यात, पण जिल्ह्याच्या पार ईशान्य टोकाला. पूर्वी औंध संस्थानात होती. पश्चिमेला पुणे-मिरज लोहमार्ग, त्यावरचं कऱ्हाड आमच्यापासून नव्वदेक किलोमीटर. पूर्वेला मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी मार्ग, त्यावरचं सांगोला तीस-पस्तीस किलोमीटरवर. म्हणजे रेल्वे आमच्यापासून फार लांब आहे असं नाही. ती आहे, पण आमची नाही.

हा पूर्वेचा मार्ग म्हणजे जुनी 'बारशी लाईट'. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं अडीच फूट रुंदीच्या रुळांवर १८९७ मध्ये ती बार्शीला नेली. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज. आमचे आजोबा सांगायचे, सांगोल्यापर्यंत बैलगाडी, तिथून बारशी लाईट. गाडी इतकी हळू की चढावर खाली उतरून बिडी पेटवून परत चढता यायचं म्हणे. (आजोबांच्या गोष्टीतलं निम्मं खरं धरावं, ही आमच्या घरची रीत.) पण चेष्टा बाजूला ठेवा. शंभर वर्षांपूर्वी, अशा कोरड्याठाक मुलुखात, कमी पैशात बांधलेली ती छोटी गाडी रोज धावायची आणि वारकऱ्यांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्यांना न्यायची. २०१०-११ च्या सुमाराला मिरज-पंढरपूर पट्टा ब्रॉडगेज झाला. आता विजेच्या ताराही आल्यात. रूळ रुंद झाले, तारा आल्या, फलाट लांब झाले. तालुक्याच्या माणसाच्या प्रवासात काय बदललं, ते विचारू नका.

खरं तर विचाराच. त्यासाठी एक घरचीच गोष्ट सांगतो. सांगू की नको असा बरेच दिवस विचार करत होतो.

आमच्या भागातली निम्मी घरं गलाई व्यवसायात आहेत हे वाचकांतल्या काहींना ठाऊक असेल. खानापूर, आटपाडी, तासगाव, कडेगाव या तालुक्यांतली पोरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात पार केरळपासून पंजाबपर्यंत पसरली आहेत. माझा एक चुलतभाऊ कोइमतूरला असतो. २०१७ च्या उन्हाळ्यात संध्याकाळी काका गेले. फोन गेला, मिळेल त्या गाडीत भाऊ बसला. इकडे बर्फ आणून थांबलो. एक रात्र आणि एक अख्खा दिवस थांबलो. दुसऱ्या मध्यरात्री तो आपल्या बाजूच्या एका जंक्शनावर उतरला. हजारावर किलोमीटर रेल्वेनं त्याला बिनबोभाट आणलं होतं. उरले होते शंभर-सव्वाशे.

आम्ही म्हणालो, गाडी पाठवतो. तो म्हणाला, "रात्रीचं कुणाला त्रास नको. पहाटे पॅसेंजर आहे, तिनं येतो." त्यानं बोर्डावर वेळ वाचली होती. वेळापत्रकावर विश्वास ठेवला, एवढीच त्याची चूक. पॅसेंजर त्या दिवशी आलीच नाही. का नाही, हे तिथं सांगायला कुणी नव्हतं. शेवटी दिवस उगवल्यावर एका गावापर्यंत बस, तिथून वडाप, तिथून परत दुसरं वडाप असं करत साडेदहाला तो दारात आला. मे महिन्याचं ऊन. जाणती मंडळी म्हणाली होती, आता थांबवत नाही. नऊला अग्नी दिला होता.

तो काही बोलला नाही. हातातली पिशवी ओट्यावर ठेवली आणि तसाच स्मशानाकडे चालत गेला. मी मागोमाग गेलो. तो राखेसमोर उभा होता आणि हातात अजून ते तिकीट होतं.

कुणा एकावर बोट ठेवण्यासाठी हे लिहिलेलं नाही. त्या रात्री कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. मुद्दा तोच आहे. आमच्या बाबतीत कुणी मुद्दाम काही करतच नाही, ना वाईट, ना चांगलं.

आता मूळ भांडणाकडे येतो.

दर निवडणुकीला आमच्या चौकात फलक लागतो, 'आटपाडीला रेल्वे आणणारच'. कऱ्हाडहून कडेगाव, खरसुंडी, आटपाडी, दिघंची, महूद करत पंढरपूरला जाणाऱ्या लोहमार्गाचं नाव रेल्वेच्या सर्वेक्षणांच्या यादीत येऊनही गेलंय. तेव्हा पेढे वाटले होते. सर्वेक्षणाचे पेढे! मंडळी, सर्वेक्षण म्हणजे मुलगी बघायचा कार्यक्रम. कांदेपोहे खाऊन पाहुणे गेले, की निरोप कधी येईल याचा नेम नाही. आम्ही मात्र दर वेळी मांडव घालून बसतो.

नवा मार्ग नको असं मी म्हणत नाही. हवाच आहे. कऱ्हाड-पंढरपूर झाला तर गलाईवाला, वारकरी, डाळिंबवाला सगळ्यांचं भलं होईल. पण हिशोब तरी खरा मांडा. नगर-बीड-परळी हा मार्ग मंजूर झाला १९९५-९६ च्या सुमाराला. राज्य सरकारनं निम्मा वाटा उचलला. तरी बीडला पहिली गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, आणि परळीपर्यंतचं काम तेव्हाही उरलेलंच होतं. तीस वर्षं! मंजुरीच्या वर्षी जन्मलेलं पोर गाडी यायच्या आत बापसुद्धा झालं असेल. हाच वेग धरला तर आमची गाडी यायची तेव्हा ताईचा धाकटा स्वतः कुणाचा तरी मामा झालेला असेल. तोपर्यंत काय करायचं? फलकाकडे बघत बसायचं?

माझं म्हणणं सरळ आहे. जो मार्ग नाही त्याच्यासाठी आपण तीस वर्षं ओरडतोय आणि जो मार्ग तीस किलोमीटरवर आहे त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नाही. नव्या मार्गाला हजारो कोटी लागतात. असलेल्या मार्गावर नीट गाडी चालवायला वेळापत्रक लागतं आणि इच्छा लागते. पहिल्या मागणीत पुढाऱ्याला सोय आहे, कारण ती कधीच पुरी करावी लागत नाही. दुसरी पुढच्या सहा महिन्यांत पुरी होऊ शकते, म्हणूनच ती कुणाला नको.

"अहो, पण रेल्वेला परवडत नाही." हे ऐकून ऐकून कान किटले. मग २८ डिसेंबर २०२० आठवा. देशातली शंभरावी किसान रेल पंतप्रधानांनी कुठून सोडली? सांगोल्याहून! थेट पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. फळं-भाजीपाल्याला भाड्यात निम्मी सवलत, वाटेत माल चढवायची-उतरवायची सोय, सगळं झालं. आमच्या भागातली डाळिंबं कधी नव्हे ती एवढ्या थाटात निघाली. त्याच दिवसांत माणसांच्या पॅसेंजर गाड्या मात्र करोनाच्या नावाखाली बंद होत्या. पुढे पॅसेंजर हळूहळू सुरू झाल्या त्या 'स्पेशल' नाव लावून. दहा रुपयांच्या किमान तिकिटाचे तीस झाले आणि ते परत दहावर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं.

मला डाळिंबाचा राग नाही. आमच्याही शेतात बाग आहे. पण एवढं तर सिद्ध झालं ना, की ठरवलं तर सांगोल्याच्या त्याच रुळांवरून, त्याच फलाटावरून गाडी सुटू शकते? पुढे अनुदान आटलं आणि त्या गाड्याही आटल्या, ही गोष्ट वेगळी. डाळिंबालासुद्धा आमच्यासारखंच वागवलं म्हणायचं.

आणि दोन्ही अंगांना पाहा. मुंबई-सोलापूर वंदे भारत फेब्रुवारी २०२३ ला आली. पुणे-कोल्हापूर वंदे भारत सप्टेंबर २०२४ ला आली. एक आमच्या पूर्वेकडून जाते, एक पश्चिमेकडून. चांगलं आहे, जाऊ दे. पण मधल्या पट्ट्यातल्या माणसानं दोन्हीकडे बघून हात हलवायचा का?

दुखणं कुठं आहे ते सांगतो. आम्ही राहतो सांगली जिल्ह्यात. आमचं जवळचं स्टेशन सोलापूर जिल्ह्यात. आम्ही मत देतो सांगली लोकसभेला, स्टेशन माढा लोकसभेत. मिरज जंक्शन रेल्वेच्या पुणे विभागात, सांगोला सोलापूर विभागात. आटपाडीचा एसटी आगार सांगली विभागात, सांगोल्याचा सोलापूर विभागात. म्हणजे आटपाडीचा माणूस सांगोल्याला जाऊन गाडीत बसला तर तो कुणाचा प्रवासी? कुणाचाच नाही. सांगलीचा खासदार म्हणणार, स्टेशन माझं नाही. माढ्याचा म्हणणार, मतदार माझा नाही. दोघंही खरं बोलतात हो! आणि त्या दोन खऱ्यांच्या मधल्या फटीत आमचा अख्खा तालुका पडलाय.

तेव्हा मागायचं काय? मी माझ्या परीनं यादी केली आहे.

एक. मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी पट्ट्यात माणसांच्या उपयोगाच्या वेळेला रोजची गाडी. कोल्हापूर-नागपूर, कोल्हापूर-धनबाद या गाड्या आठवड्यातल्या ठरावीक दिवशीच येतात. दादर-पंढरपूर गाडी पुढे मिरजेवरून साताऱ्यापर्यंत वाढवली तीही रोज नाही. आमची गरज काय आहे? सकाळी निघून दहाच्या आत मिरजेला पोचणारी आणि संध्याकाळी परत आणणारी गाडी. मिरजेलाच का? कारण आमच्याकडे कुणाला काही मोठं दुखणं झालं की पहिला शब्द 'मिरज'. वानलेस डॉक्टरांच्या काळापासून, म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त, अर्धा दक्षिण महाराष्ट्र आणि शेजारचा कर्नाटक तिथं उपचाराला जातो. डायलिसिसला, केमोला आठवड्याला जाणारा माणूस वडापच्या फळीवर बसून नव्वद-शंभर किलोमीटर कसा जातो, हे एकदा शेजारी बसून बघा. मी आईबरोबर गेलोय. दर खड्ड्याला ती माझा हात धरायची आणि सोडताना "काही नाही, काही नाही" म्हणायची.

दोन. गाडीला जोडून एसटी. आटपाडीहून सांगोला स्टेशनला, आणि तालुक्याच्या दक्षिणेकडच्या गावांसाठी ढालगावला. स्टँडवर नव्हे, स्टेशनवर! गाडीच्या अर्धा तास आधी पोचणारी आणि गाडी आल्यावरच सुटणारी. गाडी उशिरा आली तर थांबणारी. यात नवीन काही नाही. स्वित्झर्लंडनं १९८२ मध्ये सगळ्या देशाचं रेल्वे वेळापत्रक एका तालावर बसवलं. तिथं डोंगरातल्या खेड्याची पिवळी टपालबस स्टेशनबाहेर गाडीची वाट बघत उभी असते. ते श्रीमंत आहेत म्हणून जमलं, असं म्हणू नका. बस त्यांच्याकडे आहे, आपल्याकडेही आहे. गाडी त्यांच्याकडे आहे, आपल्याकडेही आहे. त्यांच्याकडे दोघं एकमेकांशी बोलतात. आपल्याकडे दोन विभागांच्या हद्दीवर बोलणं थांबतं.

तीन. गाडी रद्द असेल, उशिरा असेल तर ते प्रवाशाला वेळेत आणि मराठीत कळायला हवं. मोबाईलवर कळतं म्हणे. माझ्या काकूकडे तो मोबाईल नाही. फलाटावर कर्णा आहे, त्यातून सांगायला काय हरकत आहे?

चार. लहान स्टेशनं जिवंत ठेवा. आरग, बेळंकी, सलगरे, कवठे महांकाळ, लंगरपेठ, ढालगाव, जत रोड, जवळे, वासूद... ही नावं बारशी लाईटच्या वेळी लोकांच्या तोंडात होती. 'जत रोड' हे तर झकास नाव. रेल्वेच्या भाषेत गावाच्या नावापुढे 'रोड' लागलं की समजायचं, गाव इथं नाही, रस्ता धरा! (कुर्डुवाडीचं जुनं नाव 'बार्शी रोड' होतं ते याच न्यायानं.) या हिशोबानं आमच्याकडे सांगोल्याला 'आटपाडी रोड' म्हणायला हरकत नाही. निदान कागदावर तरी आटपाडी येईल :)

आता उलट बाजू. माझा एक मित्र म्हणतो, "अरे, रस्ते झालेत. प्रत्येकाच्या दारात गाडी आहे. ट्रॅव्हल्स रात्री बसवते, सकाळी मुंबईत सोडते. कोण बसणार तुझ्या पॅसेंजरमध्ये?"

प्रत्येकाच्या दारात? ज्याच्या दारात गाडी आहे त्याला 'प्रत्येक' म्हणायची आपल्याला सवय लागली आहे. गाडी असते ती घरातल्या कर्त्या पुरुषाकडे. घरातली बाई, म्हातारा, कॉलेजला जाणारी मुलगी, डोळे तपासायला निघालेली आजी, यांच्यापैकी कुणाकडेच ती नसते. मुलीला सांगली-मिरजेला शिकायला ठेवायचं की बारावीनंतर लग्न लावायचं, हा निर्णय आमच्याकडे अजून बऱ्याच घरांत 'जायची-यायची सोय' यावर होतो. सोय म्हणजे दुसरं काय, संध्याकाळी सातच्या आत घरी आणणारी गाडी. ट्रॅव्हल्स मुंबईला नेते हे खरं. पण सगळ्यांना मुंबईलाच जायचं नसतं हो. आणि माणसं दिवसाच्या गरजेला परत येऊ शकत नाहीत, म्हणूनच शेवटी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं कायमची जातात.

राहिला 'प्रवासी नाहीत' हा मुद्दा. वाईट वेळेला, आठवड्यातून दोनदा गाडी सोडायची, तिला जोडबस द्यायची नाही, आणि मग डबे मोजून सांगायचं की बघा, प्रवासी नाहीत. म्हणजे विहिरीला दोर द्यायचा नाही आणि वर म्हणायचं, पाणी कुणी काढत नाही.

स्कॉटलंडच्या दक्षिणेला बॉर्डर्स म्हणून एक भाग आहे. डोंगर, मेंढरं, लोकरीचा धंदा, लहान गावं. म्हणजे आमच्या माणदेशासारखाच, फक्त पाऊस भरपूर. तिथली रेल्वे १९६९ साली तोट्यात म्हणून बंद केली. लोक सेहेचाळीस वर्षं भांडले. सप्टेंबर २०१५ ला एडिंबरापासूनचा पन्नासेक किलोमीटरचा तुकडा परत सुरू झाला. पहिल्याच वर्षात दहा लाखांहून जास्त प्रवास झाले. कारण पहिल्या दिवसापासून दर अर्ध्या तासाला गाडी ठेवली होती. आपल्याला अर्ध्या तासाची नको. सकाळची एक आणि संध्याकाळची एक, पण रोज आणि वेळेवर, एवढीच मागायची आहे.

आता शेवटचं, आणि हे आपल्या घरच्या मंडळींसाठी. दोष सगळा वरच्यांचा नाही. सांगोल्याहून गाडी आहे हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? किती जणांनी गेल्या पाच वर्षांत तिचं तिकीट काढलं? किती जणांनी रेल्वेच्या सोलापूर विभागाला एक साधं पत्र लिहिलं? मी स्वतः परवापर्यंत लिहिलं नव्हतं. काकांच्या वेळेला इतका राग आला होता, पण त्या रागाचं पत्र झालं नाही. नुसतं चहाच्या टपरीवर बोलणं झालं.

आता लिहिलंय. दोन लिहिली. एक रेल्वेच्या सोलापूर विभागाला, एक एसटीच्या सांगली विभागाला. दोन्हीत मजकूर एकच ठेवलाय, म्हणजे दोघांनाही कळावं की दुसऱ्यालाही विचारलंय. कोइमतूरच्या भावाला प्रत पाठवली. त्याचं उत्तर आलं, "माझं नाव पण घाल खाली. आणि इथल्या आपल्या चाळीस घरांची घाल." चाळीस घरं, एका गावात! आणि म्हणे प्रवासी नाहीत.

तुमच्यापैकी कुणाला सही द्यायची असेल तर कळवा. गलाईतल्या भावांनो, तुम्ही तर जरूर कळवा. तुमच्याइतके रेल्वेचे पैसे या तालुक्यात कुणी भरले नसतील.

ताईच्या धाकट्याला मी शब्द दिलाय. पुढच्या दिवाळीला त्यानं पुण्याहून गाडीनं यायचं, मी त्याला स्टेशनवर घ्यायला जायचं. स्टेशन सांगोल्याचं असेल, आटपाडीचं नसेल. तिथून पुढे एसटी असेल की माझी मोटारसायकल, ते या दोन पत्रांच्या उत्तरांवर अवलंबून आहे.